पहिलं बाहुलीघर: खोका उघडण्यापासून काच लावेपर्यंत

माझ्या पहिल्या बाहुलीघराच्या स्वयंपाकघरात दिवा लागत नाही. वायर भिंतीच्या मागे, भिंतीवर कागद, कागदावर मांडणी, आणि या सगळ्यावर फेविकॉलने कायमचं बसलेलं छत. छत चिकटवण्याआधी दहा सेकंद सेल लावून बघायला हवं होतं. पण रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला ते घर एकदाचं 'पूर्ण' झालेलं बघायचं होतं.

त्यानंतर तीन घरं झाली. ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यावर जेवणं. सासूबाई येता-जाता विचारतात, "मांडली का गं भातुकली?" आता ओळखीतल्या चौघीजणींनी किट (लाकडी तुकडे, कागद, दिवे खोक्यात येतात, घर आपण जोडायचं) मागवली आहेत आणि रोज कुणाचा तरी फोटो येतो, 'हे उलटं लागलं, आता काय करू?' म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

शाळेत चित्रकलेत मी जेमतेम पास व्हायचे, त्यामुळे हातात कला हवी वगैरे मनातून काढून टाका. या कामात हात फारसा चुकत नाही, क्रम चुकतो. खालच्या बहुतेक पायऱ्या क्रमाबद्दलच आहेत.

१. किट निवडताना

आधी प्रमाण बघा. जुनं, सर्वमान्य प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच. दिल्लीतलं राष्ट्रपती भवन ज्यांनी उभारलं त्याच लटयन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर बांधून घेतलं. ते याच प्रमाणात आहे, विंडसरच्या किल्ल्यात अजून बघायला मिळतं, आणि त्यात दिवे लागतात, नळाला पाणीसुद्धा येतं. आपण एवढी उडी मारायची नाही. ऑनलाइन मिळणारी बरीचशी किट १:२४ च्या आसपास असतात. सहा फुटी माणूस त्यात तीन इंचांचा होतो आणि सात फुटी दार साडेतीन इंचांचं. हे गणित लक्षात ठेवा, कारण पुढे हौसेने एखादी खुर्ची वेगळी विकत घ्याल आणि ती १:१२ ची निघाली तर घरात हत्ती शिरल्यासारखी दिसेल.

पहिल्यांदा एका खोलीचं, समोरून उघडं असलेलं किट घ्या. दुमजली बंगला, गोल जिना, काचेचं हरितगृह, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला. गोल जिन्याने माझ्या मैत्रिणीचं अख्खं किट माळ्यावर गेलंय. फोटोवरून आकाराचा अंदाज बांधू नका, वर्णनात सेंटिमीटर लिहिलेले असतात ते वाचा. फोटोत बंगला वाटतो, हातात चपलांच्या खोक्याएवढा येतो. आणि 'गोंद आणि सेल समाविष्ट नाही' ही ओळ शोधा, बहुतेक किटवर ती बारीक अक्षरात असते.

वयाचा आकडाही बघा. अशा किटवर बहुधा १४ वर्षांच्या पुढे असं लिहिलेलं असतं आणि ते उगीच नाही. तयार झालेलं घर खेळायचं नसतं, बघायचं असतं. पाच वर्षांच्या पुतणीला वाढदिवसाला द्यायचा विचार असेल तर तिला लाकडी भातुकली द्या.

आणखी एक: जुलैत सुरू करू नका. का ते सहाव्या पायरीत.

२. आधी काय जमवायचं

- कटर आणि जादा पाती. किटमधला कटर बोथट असतो.
- कापायची रबरी मॅट. नसेल तर जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा.
- टोकदार चिमटा. भुवयांचा चपटा चिमटा मण्यांना चालत नाही.
- काचपेपर, २२० आणि ४०० नंबरचा, एकेक. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो.
- पांढरा फेविकॉल, एक फेविक्विक, एक ग्लू स्टिक.
- मास्किंग टेप, रबर बँड, कपडे वाळत घालायचे चिमटे.
- टूथपिक, इअर बड, जुना ओला फडका.
- मेंदीचा रिकामा कोन.
- काठ असलेली परात आणि मिसळणाचा डबा.

शेवटच्या तीन गोष्टी कुठल्याच पुस्तिकेत नसतात. फेविकॉल मेंदीच्या कोनात भरा आणि टोक अगदी बारीक कापा. हवी तेवढीच रेघ येते, बाटलीतून येतो तसा गोळा पडत नाही. सगळं काम परातीत करा, म्हणजे सुटलेला मणी काठाला अडतो आणि थेट सोफ्याखाली जात नाही. मिसळणाच्या डब्याच्या सात वाट्यांत मणी, खिळे, तारा, दिवे वेगवेगळे राहतात. (वाट्या नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका. मी दुसरा डबाच घेतला.)

ठाण्यात हे सगळं गोखले रोड, राम मारुती रोड आणि स्टेशनच्या परिसरात एका फेरीत होतं. मणी, लेस, रिबिनी जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतील. नवी मुंबईकरांना वाशीत मिळून जाईल. मोठी खरेदी असेल तर क्रॉफर्ड मार्केट आणि शेजारची अब्दुल रहमान स्ट्रीट आहेच, पण पहिल्या घराला तिथवर जायची गरज नाही.

३. खोका उघडा, पण तुकडे सोडवू नका

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. मग पुस्तिकेतल्या यादीशी एकेक पाटी (तुकडे कापलेली पातळ लाकडी फळी) ताडून बघा, त्याच दिवशी. मी माझं दुसरं किट 'निवांत उघडू' म्हणून तीन आठवडे ठेवलं. उघडलं तर एक पूर्ण पाटी गायब. विक्रेत्याने मुदत संपली म्हणून हात वर केले, आणि चूक माझीही होतीच.

त्यातून मार्ग असा निघाला. लेझरने नावाच्या पाट्या आणि रुखवताचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) कटआउट कापून देणारी दुकानं आपल्याकडे बरीच आहेत. शेजारच्या तुकड्यांच्या खाचा मोजून मी हरवलेले तुकडे कागदावर मूळ मापात काढले, पातळ प्लायची जाडी मोजून सांगितली, आणि दुकानदाराने कापून दिले. जाडी सांगायला विसरू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही कुसू, म्हणजे तुकड्याचं पुढे आलेलं टोक, खाचेत जात नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. लाकडी पाट्यांमध्ये तुकडे अर्धवट कापलेले असतात आणि पाटीवर त्यांचे नंबर छापलेले असतात. उत्साहात सगळे तुकडे एकदम सोडवून ठेवायचा मोह होतो. नंबर बऱ्याचदा तुकड्यावर नसून त्याच्या बाजूच्या चौकटीवर असतो. एकदा चौकट फेकली की ए-७ आणि बी-४ मधला दोन मिलिमीटरचा फरक शोधत बसा. ज्या वस्तूचं काम चालू आहे तिचेच तुकडे सोडवा. सोडवतानाही ओढू नका. पाटी उलटी करून, जिथे तुकडा अडकलेला आहे त्या बारीक पुलावर कटरचं टोक फिरवा. ओढलात तर वरचा पापुद्रा सोलून निघतो आणि तो नेमका दर्शनी बाजूचा असतो.

४. बिनगोंदाची जुळवणी

भिंती, जमीन, छत, सगळं एकदा गोंदाशिवाय उभं करा. मास्किंग टेपने धरून ठेवा. कुठलं कुसू कुठल्या खाचेत जातं, कुठे घट्ट होतंय, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं कळतं. घट्ट सांध्याला जोर लावू नका, ४०० नंबरचा काचपेपर कुसवावर दोनदा फिरवा. दोनदाच. सैल झालं की परत घट्ट होत नाही.

मग कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का बघा. गवंड्याचा गुण्या लागत नाही, एटीएम कार्डाचा कोपरा पुरतो. भिंत आणि जमीन यांच्यामध्ये कार्ड नीट बसलं की झालं.

उभं केलेल्या घराचे चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा आणि सगळं सुटं करा. हे फोटो पुढे पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडतात. तुकड्यांच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पेन्सिलीने 'डावी भिंत, वर' असं लिहून टाका.

५. काजळी आणि रंग

लेझरने कापलेल्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात. ती काजळी बोटाला लागते आणि बोटावरून पांढऱ्या कागदावर जाते. कडा आधी किंचित ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. दिसणाऱ्या कडांवर ४०० चा काचपेपर हलक्या हाताने.

रंग द्यायचा असेल तर साधे ॲक्रिलिक रंग. जाड एक थर देण्याऐवजी पातळ दोन. लाकडी छटा द्यायची असेल तर ती गोंद लावण्याआधी. फेविकॉलचा ठिपका वाळल्यावर दिसत नाही, पण त्यावर छटा चढत नाही आणि टेबलाच्या मधोमध कोडासारखा पांढरा डाग राहतो.

६. भिंतीचे कागद

कागद भिंती जोडण्याआधी लावायचे. खोली उभी राहिल्यावर कोपऱ्यात बोट जात नाही.

इथेच पावसाळा आडवा येतो. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेलं की वाळतो. ठाण्यात जुलैत पापड वाळत नाहीत, गोंद काय वाळणार? त्यात पातळ प्लायच्या एकाच बाजूला ओला कागद चिकटवला की कागद वाळताना आकसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो. सकाळी उठून बघावं तर भिंत कौलासारखी वाकलेली. माझ्या पहिल्या घराची मागची भिंत अशीच आहे, त्यावर मी एक मोठं कपाट टेकवलंय.

उपाय सोपे आहेत. कागदाला फेविकॉल न लावता ग्लू स्टिक लावा, तिच्यात पाणी कमी असतं. कागद मधून बाहेरच्या दिशेने जुन्या कार्डाने दाबत न्या. मग फळीच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. तरी वाकलीच तर मागच्या बाजूलाही साधा कागद चिकटवा, दोन्हीकडून ओढ सारखी झाली की फळी बरीचशी सरळ होते. पावसाळ्यात काम थांबलं तर पाट्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, आडव्याच ठेवा. भिंतीला टेकवून उभ्या नकोत.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. हवा कोरडी, आणि पंखा बंद ठेवता येतो. पंख्याचं हसू नका. वाटाण्याच्या चतकोर आकाराची कागदी पानं कुंडीत लावताना कुणीतरी खोलीत आलं आणि सवयीने बटण दाबलं, की बाग घरभर. मी आता बटणावर टेप लावते.

७. फर्निचर

हे काम लांबतं, पण अवघड नाही. तीन गोंद, तीन कामं: लाकूड आणि कापडाला फेविकॉल, कागदाला ग्लू स्टिक, धातू आणि मण्यांना फेविक्विकचा टूथपिकवर घेतलेला थेंब. फेविक्विक पारदर्शक प्लास्टिकजवळ नेऊ नका. त्याच्या वाफेने खिडकीच्या 'काचेवर' पांढरी साय धरते, ती निघत नाही. खिडकीला फेविकॉलच, तो वाळून पारदर्शक होतो.

सांध्यातून बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या इअर बडने टिपा. खुर्चीचे चार पाय लावले की ती लगेच टेबलावर उभी करून बघा, गोंद ओला आहे तोवर लंगडा पाय सरळ होतो. मग रबर बँड लावून सोडून द्या. पुन्हा पुन्हा हलवून 'वाळलं का' बघू नका. एका दिवशी दोन-तीन वस्तू, बास.

८. दिवे

या पायरीवर सगळ्यात जास्त घरं अडतात, म्हणून जरा सावकाश.

किटमध्ये छोटे एलईडी येतात. एलईडीला दिशा असते: लांब पाय किंवा लाल वायर अधिक, आखूड पाय किंवा काळी वायर उणे. उलटा लावला तर बिघडला असं वाटतं, पण तो फक्त उलटा असतो. म्हणून सर्वात आधी, काहीही जोडण्यापूर्वी, प्रत्येक दिवा एकेकटा तपासा. सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल घ्या, त्याच्या सपाट, अक्षरं कोरलेल्या बाजूला अधिक वायर आणि दुसऱ्या बाजूला उणे वायर टेकवा. लागला तर डब्यात, नाही लागला तर बाजूला.

बाजूला ठेवलेला लगेच टाकू नका. काही दिव्यांच्या वायरी केसाएवढ्या बारीक तांब्याच्या असतात. दिसतात उघड्या, पण त्यांच्यावर वार्निशचा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. एका रविवारी संध्याकाळी मी असे पाच दिवे ओळीने 'मेलेले' ठरवले होते. मग टोकं काचपेपरच्या घडीत धरून हळूच ओढली, तांबं चकाकलं, आणि पाचही लागले.

माझ्या चारही किटमध्ये जोडणी एकाच पद्धतीची होती: सगळ्या लाल वायरी एकत्र, सगळ्या काळ्या एकत्र, आणि त्या सेलच्या डबीकडे. पुस्तिकेत वेगळं दाखवलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. पिळलेल्या प्रत्येक सांध्याला वेगळी टेप लावा. लाल आणि काळ्याचं उघडं टोक एकमेकांना लागलं तर सगळे दिवे एकदम जातात आणि सेल गरम होतो. असं झालं तर सेल आधी काढा, मग शोधाशोध.

सेल सारखे बदलायचा कंटाळा येतो म्हणून मोबाईलच्या चार्जरला जोडायची कल्पना घरातल्या पुरुषमंडळींना हमखास सुचते. चार्जर पाच व्होल्टचा, हे दिवे तीनच्या हिशेबाचे. एक झगझगाट होईल आणि मग अंधार.

लहान मुलं घरात असतील तर सेलच्या डबीला स्क्रूचं झाकण आहे ना ते बघा, नसेल तर टेपने पक्कं बांधा. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. शंका आली तरी वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. सुटे सेल मी मणी-दोऱ्यांत ठेवतच नाही, ते वरच्या कपाटात.

९. घर बंद करणे

आता जमीन, मागची भिंत, बाजूच्या भिंती, या क्रमाने फेविकॉल लावून उभं करा. एटीएम कार्ड परत कोपऱ्यात. मास्किंग टेप लावून रात्रभर सोडा. छत अजून नाही.

आधी आतलं सामान मांडा. चिकटवू नका, नुसतं मांडा आणि फोटो काढून बघा, डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत दिसतं. मग मागच्या वस्तू आधी, पुढच्या नंतर, अशा चिकटवा. दिव्यांच्या वायरी कोपऱ्यातून किंवा पडद्यामागून न्या, जमिनीतल्या भोकातून डबीकडे. सेल घाला, बटण दाबा, पाच मिनिटं तसंच राहू द्या. घर हलक्या हाताने हलवा, दिवा लुकलुकला तर सांधा सैल आहे.

मग छत. आणि खरं सांगायचं तर मी आता छत चिकटवतच नाही. चारही कोपऱ्यांना कुसवं नीट बसली की ते वजनाने राहतं, आणि पुढेमागे दिवा बदलायचा तर उचलता येतं.

१०. परदेशी घराचं आपलं घर

किटमधली घरं बहुधा कॅफे, वाचनालय, फुलांचं दुकान अशी असतात. त्यात थोडं आपलं घालायला हरकत नाही. आगकाडीच्या तुकड्यांची मांडणी, बटणावर बटण रचून गेरूने रंगवलेलं तुळशीवृंदावन, उंबऱ्यावर टूथपिकच्या टोकाने काढलेली रांगोळी. जुनी खणाची चिंधी १:२४ मध्ये जाजम म्हणून शोभते, फक्त नक्षी बारीक हवी. पितळेची छोटी भांडी रुखवताच्या सामानात मिळतात, पण बरीचशी प्रमाणाला मोठी पडतात, पट्टी घेऊन जा.

खरं धान्य मात्र वापरू नका. डब्यांतून दिसेल म्हणून मी साबुदाणा आणि मोहरी भरली होती. महिन्याभरात दाराबाहेरून मुंग्यांची रांग, स्वयंपाकघरापर्यंत. डाळ-तांदळाच्या जागी बारीक मणी घाला.

राहिली धूळ. घोडबंदर रोडच्या जवळ राहत असाल तर सांगायलाच नको, खिडकी बंद असली तरी आठवड्यात छपरावर बोटाने नाव लिहिता येतं. किटबरोबर झाकण येत नसेल तर ॲक्रिलिकचं करून घेता येतं, पण त्यावर पुसताना ओरखडे येतात. मी फिश टँक बनवणाऱ्याकडे गेले. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर जास्त धरून पाच बाजूंची काचेची टाकी करून घेतली आणि ती उलटी घातली. त्याने दोनदा विचारलं, "ताई, मासे कुठून टाकणार?" सिलिकॉनचा वास जाईपर्यंत टाकी दोन दिवस बाल्कनीत उघडी ठेवा, मग घरावर घाला. उचलताना दोन माणसं हवीत, वजन चांगलंच होतं.